हेल्मेटातले बांगडे

आमच्या देवबागेत हेल्मेट नाही असं घर सापडणार नाही. ते डोक्यावर असेल याची खात्री मात्र कुणी देऊ नये. शेजारच्या पडवीत एक लाल हेल्मेट उताणं पडलेलं असतं. त्यात कोंबडी अंडी घालते, आणि तिला कशाला उठवा म्हणून घरधनी तसाच मोटरसायकल घेऊन बाहेर पडतो. कुणी त्यात कोकमाची फळं, आमचे रतांबे, भरून आणतं, कुणी पेट्रोल पंपावर रांगेत उभं असताना त्यावर बसतं. हायवेला जायचं असलं तर कसालच्या अलीकडे गाडी थांबवून ते डोक्यावर चढवायचं, कारण पुढे पोलीस उभे असतात. परत येताना त्याच जागी काढून हँडलला अडकवायचं. डोकं फुटतं ते हायवेवर, गावातले रस्ते आपलेच असल्यामुळे ते आपल्याला काही करत नाहीत, असा आमच्याकडचा ठाम समज आहे. माझे यजमान या समजाचे पुढारी होते.

मी माहेरची कसालची, समुद्रापासून लांबची. मालवणच्या शाळेत मराठी शिकवते आणि रागीट आहे, हे विद्यार्थी सांगतील, मी कशाला सांगू. यजमानांचं देवबागेत घरातच दोन खोल्यांचं पाहुण्यांसाठीचं बिऱ्हाड आहे. लोक समुद्र बघायला येतात असं म्हणतात, पण खरं तर यांच्या हातचं जेवायला येतात. हे चव घेऊन स्वयंपाक करत नसत. झाकण किंचित उचलायचं, नाक पुढे करायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आजून थोडा कोकम." मासळी घेतानाही तेच. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी बाजारातून एकटीने मासे आणले, तेव्हा हे अंगणातूनच म्हणाले, "कसालात मासो पोचता तोपर्यंत तेका पेन्शन लागता, तुका ताजो वास कळतलो कसो?" मी दोन दिवस बोलले नव्हते. पण त्या नाकाला तोड नव्हती, हे मनात कबूल होतं.

तो शनिवार होता, शाळा दुपारीच सुटते. हे मला न्यायला आले आणि वाटेत बंदरावर थांबले. बांगडे नुकतेच होडीतून उतरले होते. मासळीवालीने जमिनीवर वाटे मांडले होते, त्यातला एक वाटा यांनी एकदा वास घेऊन पक्का केला. पण पिशवी घरी राहिली होती. प्लास्टिकची पिशवी मिळेना. मग यांनी आपलं हेल्मेट उलटं केलं, आत वर्तमानपत्र घातलं, बांगडे रचले आणि ते माझ्या हातात दिलं.

"ह्या डोक्यावर घालूचा असता," मी म्हटलं.

"डोक्यावर घातला तर बांगडे कशात घालू गो?"

प्रश्न बिनतोड होता. मी फार चिडले होते. एकतर माझी इस्त्रीची सुती साडी, त्यात मांडीवर बांगडे. मी पाय एका बाजूला सोडून मागे बसले आणि ते हेल्मेट पोटाशी धरून घरापर्यंत तोंड वाकडं ठेवायचं असं ठरवलं.

तारकर्लीच्या पुढे सुरूची झाडं लागतात आणि रस्ता अरुंद होतो. आमच्यापुढे बराच वेळ मासळीचा टेम्पो चालला होता. त्यातून बर्फाचं पाणी ठिबकत असतं. माशांचा चिकट अंश मिसळलेलं ते पाणी वळणावर सांडलं, वर समुद्रावरून आलेली बारीक वाळू बसली, की रस्त्यावर साय धरते. समोरून पर्यटकांची मोठी गाडी आली. यांनी ब्रेक दाबला. पुढचं चाक एकीकडे गेलं, आम्ही दुसरीकडे.

मी वाळूच्या ढिगावर बसल्यासारखी पडले. गुडघा सोलला, कोपर सोललं, पण हेल्मेट मी सोडलं नव्हतं. एकही बांगडा बाहेर पडला नाही. हे मात्र रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या बुटक्या कुंपणावर, गडग्यावर, पाठमोरे आपटले. डोक्याची मागची बाजू दगडावर आदळल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज मला आजही ऐकू येतो, आणि तो कसा होता ते मी लिहिणार नाही.

क्षणभर हे हललेच नाहीत. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. मग यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बांगडे खंय आसत?"

त्या माणसाला मी त्या क्षणी मारलं असतं. पण मानेवरून रक्त येत होतं, म्हणून पदर दाबून धरला.

रिक्षाने आम्हाला दवाखान्यात पोचवलं. डोक्याला टाके पडले, गळ्याखालचं आडवं हाड मोडलं होतं, पाठीची आणि दंडाची कातडी रस्त्याला चिकटून राहिली होती. मोठ्या हॉस्पिटलात नेऊन डोक्याचा फोटोही काढला. मेंदूत रक्तस्राव नाही म्हणाले, आणि माझ्या जिवात जीव आला. बांगडे रिक्षावाल्याला दिले. तो घ्यायला लाजला, पण घेऊन गेला.

घरी आल्यावर माणसांची रीघ लागली. आमच्याकडे पडलेल्या माणसाला बघायला रिकाम्या हाताने कुणी येत नाही. कुणी शहाळं आणतं, आणि प्रत्येकजण आपला एक अपघात घेऊन येतो. पडवीत प्रदर्शनच भरलं. एकाने लेंगा गुडघ्यावर ओढून पायातली सळी दाखवली. पाऊस येण्याआधी ती कळवते म्हणे, वेधशाळेपेक्षा आधी. दुसऱ्याने मनगट फिरवून कडकड वाजवलं. तिसऱ्याची पोटरी सायलेन्सरने भाजली होती, तो डाग बघून त्याची बायको म्हणाली, "श्रीलंकेचो नकाशो दिसता." एक वहिनी साडीचा पदर चाकात अडकून पडल्या होत्या. त्यांनी तो प्रसंग इतका रंगवून सांगितला की मोडलेल्या हाडावर पट्टा बांधलेले हे हसले आणि कळवळले. एवढ्या सगळ्यांत हेल्मेट घालून पडलेला एकही नव्हता. मी ते सर्वांदेखत बोलून दाखवलं. लोकांनी चहा मागितला.

त्यात एक बाई आल्या. त्यांचा नवरा त्याच वळणावर, तसाच घसरून गेला होता. आता त्याला बरीच वर्षं झाली. त्या यांच्या डोक्यावरच्या पट्टीकडे बघत राहिल्या, शहाळं ठेवलं आणि म्हणाल्या, "जिवंत आसा मां? मगे सगळा बरा." 

पट्टा सुटायच्या आत मी बांगड्याचं तिखलं केलं. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून उग्र वासाची मसाल्यातली तिरफळं जास्त घातली. यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "तिरफळा घालूक इसारलंस?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तिरफळांच्या वासाने शेजारची मांजर कुंपणावर येऊन बसली आहे, तुम्हाला काय झालंय? यांनी पुन्हा घास घेतला. "तिखट लागता. आंबट लागता. पण वास नाय."

मी डबा आणला आणि तिरफळं चुरगळून नाकाखाली धरली. काही नाही. मग हे स्वतःच उठले. एका हाताने हिंगाची डबी उघडली, मग सुकटीचा डबा, मग लवंगा, मग शेवटी मागीलदारी जाऊन रॉकेलची बाटली. प्रत्येक वेळी नाक आत घालायचे, डोळे मिटायचे, आणि तसेच उघडायचे. रॉकेलच्या बाटलीचं बूच लावून हे स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले.  मला भीती वाटली. पाय मोडलेला माणूस काठी घेतो, पण या माणसाचं सगळं जगणंच नाकावर होतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डोकं मागे आपटलं की मेंदू आत हिसका खातो, आणि नाकातून वर जाणारे वासाचे बारीक धागे तुटतात. "पुन्हा जुळू शकतात, नाही जुळले तर मात्र इलाज नाही," त्या म्हणाल्या. "काही महिने वाट बघावी लागेल. रोज सकाळ-संध्याकाळ ठराविक चार वास घ्यायचे. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. वास आला नाही तरी तो आठवत घ्यायचा."

"गुलाब कित्याक?" बाहेर आल्यावर हे म्हणाले. "मी आयुष्यात गुलाब कधी घातलंय कालवणात?" आणि घरी लिंबू, लवंग, तिरफळ आणि सुकट अशी चौकडी ठरली. रोज सकाळी पडवीत बसून सुकटीच्या वाटीपुढे डोळे मिटलेला हा माणूस बघून पाहुण्यांना वाटायचं, घरात काही साधना चालू आहे. एका पुण्याच्या बाईंनी तर विचारलं, आम्हालाही शिकवाल का.

उपाय सांगायला सगळं गाव होतं. कांदा हुंगा, कापूर हुंगा, पहाटे समुद्राचं पाणी नाकात ओढा. शेवटी चुलतसासरे म्हणाले, देवाला सांगितल्याशिवाय कसं होणार. गाऱ्हाणं घालायची आमची जुनी रीत. देवळात नारळ ठेवला, भाऊबंद गोळा झाले, आणि चुलतसासऱ्यांनी हात जोडून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! हेचा डोका शाबूत रवला, हाड जुळला, ती तुझीच किरपा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आता हेच्या नाकात जी काय इडापिडा आसात, ती दूर कर आनी आमका परत हेच्या हातचा जेवाण गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे इतकं मनापासून आलं की भाऊबंदांचं दुःख नेमकं कुठलं ते मला कळलं. तरी मीही हात जोडले होते, आणि माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

पाहुणे यायचे थांबले नव्हते, तेव्हा हे आठवणीवर स्वयंपाक करू लागले आणि मी त्यांचं नाक झाले. चुलीपाशी उभी राहून मला सांगावं लागे. "कसो येता वास?" "छान येतो." "छान म्हणजे काय गो? मास्तरीण आसस ना? कच्चो येता की भाजल्यासारखो? खोबऱ्याचो पुढे येता की धन्याचो?" इतकी वर्षं मराठी शिकवून माझ्याकडे वासासाठी दोन शब्द होते, छान आणि घाण. हळूहळू मी शिकले. मसाला भाजताना आधी मिरचीचा ठसका येतो, मग धने गोड होतात, मग खोबऱ्याचं तेल सुटल्याचा वास सगळ्यांना झाकून टाकतो, आणि तिथे थांबायचं. बाजारातही मीच वाकून वास घेऊ लागले. मासळीवाली हसून म्हणाली, "ओ मास्तरणीनू, मासो काय मोगऱ्याचो गजरो आसा?" मी म्हटलं, तुझा मासा कालचा आहे. तिने खालून ताजा काढून दिला. मागे उभ्या यांच्याकडे मी वळून बघितलं ते नुसतं मिरवायला.

असं चाललं असतं. पण एका संध्याकाळी शाळेतून येताना मला पडवीच्या पायरीवरच गॅसचा वास आला. धावत आत गेले. मांजरं येतात म्हणून दार-खिडक्या लावून हे जमिनीवर कोळंबी सोलत बसले होते. शेगडीचं बटण अर्धवट उघडं होतं. मला बघून हे हसत उठले, "थांब, चाय टाकतंय," आणि लायटर हातात घेतला.

मी तो हातातून हिसकावला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि यांना बाहेर ओढत नेलं. माडाखाली उभं करून मी जे बोलले ते खाडीपलीकडेही ऐकू गेलं असेल. हे माझ्या हातातल्या लायटरकडे बघत होते. मग म्हणाले, "माका समाजलाच नाय गो." एवढंच. मी रडायला लागले. हेही रडले. गडग्यावर आपटले तेव्हा रडले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून यांनी स्वयंपाकघरात जायचं सोडलं. पाहुण्यांना सांगितलं, खोली आहे, जेवण बाहेर. ओळखीचे लोक फोनवर म्हणत, मग पुढच्या वेळी येऊ. हे "बरा" म्हणत आणि फोन ठेवत. चार वासांच्या वाट्या पडवीत तशाच पडून राहिल्या, सुकट मांजराने खाल्ली. मी दोन वेळा नव्याने भरून ठेवल्या. "रवांदे," हे म्हणाले, "जो येवक नाय तेची वाट किती बघतलंस?" हा माणूस कधी हरल्यासारखा बोलला नव्हता. मला त्याचा फार राग आला, आणि रागापेक्षा जास्त काहीतरी झालं, पण मी रागच दाखवला, कारण तो मला दाखवता येतो.

मग एका रविवारी सकाळी मी उकड्या तांदळाची पेज ठेवली होती. हे पडवीत बसून जाळं विणायचा दोरा सोडवत होते. मी कांदा चिरत होते, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"पेज करापली!"

मी पळीने तळ खरवडून बघितला. पांढराशुभ्र. "करपली नाही!" मी आतून ओरडले.

"करापली म्हणतंय ना! गॅस बारीक कर!"

आता बघा, पेज माझ्या आईने मला सातवीत शिकवली. कालवणाबद्दल मी ऐकून घेते, पेजेबद्दल नाही. मी पळी घेऊन बाहेर आले. "लग्न झाल्यापासून माझ्या हातची पेज एकदा तरी करपलीय? सांगा!"

"आज करापली."

"बारा बाजूंनी ढवळलीय मी ती!"

"मगे तेराव्या बाजून करापली आसतली! सगळ्या घरात वास सुटलो हा, तुका येवक नाय?"

"मला नाही येत! नसलेला वास मला कसा येईल? आणि तुम्ही मला वास शिकवू नका, तुम्हाला..."

इथे मी थांबले. पळीवरून पेज माझ्या पावलावर टपकत होती. यांच्या हातातला दोरा खाली पडला. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. 

"तुमका वास येता?" मी विचारलं.

यांनी नाक पुढे केलं. डोळे मिटले. इतक्या महिन्यांत मी ते तसं बघितलं नव्हतं. "येता," हे म्हणाले. "जळक्याचो येता. पण पेज जळाक नाय म्हणतंस."

"नाही जळलेली."

"म्हणजे चुकीचो येता."

मला डॉक्टरांचं आठवलं. तुटलेले धागे जुळू लागले की पहिल्यांदा वास भलतेच येतात, पुष्कळदा जळल्यासारखे, असं त्या शेवटच्या भेटीत म्हणाल्या होत्या. मी ते सांगितलं. 

"चुकीचो तर चुकीचो," हे म्हणाले. "येता मां!" आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असे हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. मी यांच्या शेजारी पायरीवर बसले. भर सकाळी, फाटक उघडं, येणारे-जाणारे बघत होते, आणि मी यांचा हात धरून बसले. त्याआधी मी असं कधी केलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून धूर आला.

मी उठणार, तर यांनी हात सोडला नाही. "थांब जरा," हे म्हणाले, आणि आम्ही दोघांनी एकदमच वास घेतला. पेज खरोखरच करपली होती.